पंधरा फुटांची वाट

वहाब मिस्त्रींनी आयुष्यात साठएक होड्या बांधल्या होत्या, आणि त्यांतली एकही कुणाची परवानगी घेऊन पाण्यात गेली नव्हती.

पनवेलच्या बंदर आळीच्या टोकाला, गाढी नदी खाडीला मिळते त्याच्या थोडं अलीकडे, त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे भेंडीच्या दोन उंच झाडांमधली मोकळी जागा, तिच्यावर झावळ्यांचा मांडव आणि बाजूला राहतं कौलारू घर. घरासमोरची बोळ जेमतेम सात फुटांची. मागच्या अंगाला मात्र मोकळा गवताळ उतार होता आणि उताराच्या शेवटी पाणी. होडी तयार झाली की कोळीवाड्यातली चाळीस माणसं यायची, उतारावर ओंडके अंथरले जायचे आणि ऐन भरतीला होडी सरकत खाली जायची. मिस्त्रींच्या वडिलांच्या होड्या तशाच गेल्या, आजोबांच्याही. उताराची जमीन मिस्त्रींच्या मालकीची नव्हती. पुण्यात राहणाऱ्या कुणा जमीनदाराची होती, पण त्याला आळीत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

१९९४ साली त्या जमीनदाराच्या नातवंडांनी उतार विकून टाकला.

मुंबईची लोकल पनवेलपर्यंत येणार, हे तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. दादर-गिरगावातली माणसं रविवारी एसटीनं येऊन जागा बघून जायची. उतार घेतला गुरुदत्त नावाच्या बिल्डरनं. तो पनवेलचाच, बाजारपेठेतल्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. लहानपणी होड्या ओढायच्या दिवशी तोही बघायला यायचा. नकाशाची गुंडाळी घेऊन तो स्वतः मिस्त्रींच्या ओट्यावर आला, पितळेच्या ग्लासातला चहा प्यायला आणि नकाशा पसरून त्यानं बोट ठेवलं.

"चाचा, ही बघा तुमची वाट. तुमच्या मांडवापासून थेट पाण्यापर्यंत. पंधरा फूट. बिल्डिंग होईल ती या बाजूला. तुम्हाला कुठे त्रास होणार नाही."

मिस्त्री उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. नकाशा त्यांना वाचता येत नव्हता, पण पंधरा फूट त्यांना कळत होते. त्यांची सगळ्यात मोठी होडीही रुंदीला दहा फुटांच्या आत होती. गुरुदत्तनं पुढे केलेल्या 'हरकत नाही'च्या कागदावर त्यांनी सही केली.

पुढच्या पावसाळ्यात नदीकाठावर भराव पडला. उतार पुरुषभर उंच होऊन सपाट झाला. त्यावर खांब उभे राहिले आणि एकेक करत सात मजले चढले. आळीत तोवर कुणाचं घर दोन मजल्यांच्या वर नव्हतं. दुपारी तीनला मांडवावर ऊन असायचं, तिथे आता इमारतीची सावली यायला लागली. फळ्या वाळायला जास्त दिवस लागू लागले.  वाट ठेवलीय ना, एवढंच मिस्त्री म्हणायचे.

दिवाळीनंतर गंगाबाई आली.

गंगाबाई कोळीवाड्यातली, पन्नाशी ओलांडलेली. नवरा तुळशीराम दम्यानं घरी बसला होता. दोन मुलगे होडी चालवायचे, आणि मासळी बाजारात नेण्यापासून जाळी शिवून घेण्यापर्यंतचा बाकी सगळा कारभार तिच्या हातात. त्यांची होडी मिस्त्रींच्या वडिलांनी बांधलेली. तिच्या तळाच्या फळ्या आता बोटानं दाबल्या तरी दबत होत्या.

"वहाबभाई, नवी होरी पायजे," ती म्हणाली. "अठ्ठावीस फूट. जुनीसारखीच. सासऱ्यांना तुमच्या वडलांनी दिलेली तशी."

"श्रावणातल्या पुनवेला पाण्यात देतो," मिस्त्री म्हणाले. "जबान दिली."

सागाच्या फळ्या आल्या, बाभळीची वाकडी लाकडं आली. वाकसाचे घाव सकाळी आठपासून ऐकू यायला लागले. वाकस हे त्यांचं मुख्य हत्यार; आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीसारखं, पण हात सराईत असला तर कागदाएवढा पातळ पापुद्रा काढणारं. मिस्त्रींचा हात सराईत होता. एप्रिलपर्यंत होडीचा सांगाडा उभा राहिला आणि फळ्या कमरेपर्यंत चढल्या.

एप्रिलच्याच एका सकाळी मिस्त्री मांडवाच्या मागे गेले, तर दोन गवंडी वाटेवर आडवी भिंत घालत होते. दोन थर झालेही होते. मिस्त्रींनी त्यांना थांबायला सांगितलं. गवंडी म्हणाले, आम्हाला शेठनं सांगितलंय, त्यांच्याशी बोला. मिस्त्री तसेच, अंगावर लाकडाचा भुसा घेऊन, गुरुदत्तच्या साइट ऑफिसात गेले.

"चाचा, बसा," गुरुदत्त म्हणाला. "मीच येणार होतो. त्याचं असंय, त्या पट्ट्यात आता बाग येणार. लोकांनी बागेसकट बुकिंग केलंय."

"वाटेचं काय?"

"वाट वाट काय करता? वर्षातून एखादी होडी. तीही पुढे किती वर्षं? फायबरच्या होड्या यायला लागल्यात. ही जी आहे ना, ती मधोमध कापा. ट्रकमधून मी नेऊन देतो बंदरावर. तिथे जोडून घ्या. खर्च माझा."

मिस्त्रींनी खिडकीतून वर, सातव्या मजल्याकडे पाहिलं. "ही तुमची बिल्डिंग मधोमध कापून दुसरीकडे जोडली, तर तिच्यात कोण राहायला येईल?"

गुरुदत्त हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "दुसरं सांगतो. तुमचं घर आणि मांडव मला द्या. तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक देतो. लिफ्ट आहे. चाचींना गुडघ्यांचा त्रास आहे ना?"

"तिसऱ्या मजल्यावर होडी बांधता येत नाय," मिस्त्री म्हणाले आणि उठले.

घरी सुरैय्यानं, त्यांच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. मुलगा माज मस्कतला होता. शेजारच्या दुकानात त्याचा फोन यायचा. त्या शुक्रवारी फोन आला तेव्हा तोही म्हणाला, अब्बा, द्या सोडून, या वयात कुणाशी भांडता. सुरैय्यानं मिस्त्रींच्या हातातून फोन घेतला. "तुझे अब्बा भांडत नाहीयेत," ती म्हणाली. "ते काम करतायत. तू तुझं कर." आणि फोन ठेवून दिला.

भिंत सहा फूट झाली. गंगाबाई बघायला आली, तेव्हा भिंतीपलीकडे हिरवळीचे तुकडे लावायचं काम चाललं होतं. तिनं भिंतीला हात लावून पाहिलं. मग होडीजवळ येऊन फळी न् फळी बघितली.

"बोळातून जानार नाय," ती म्हणाली.

"नाय. होडी साडेआठ फूट रुंद, बोळ सात."

"पुनवेपर्यंत होनार काय?"

"होणार."

"मंग तुमी होरी करा. भितीचं आपन बघू."

मे महिन्यात इमारतीत माणसं राहायला आली. 'सरिता टॉवर' अशी पाटी लागली. दुसऱ्या मजल्यावर नदीकडे खिडकी असलेल्या ब्लॉकमध्ये अरुंधती आली, नवरा कुमार आणि सात वर्षांची मुलगी वल्लरी यांच्यासह. गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तिची बारा वर्षं गेली होती. खिडकीतून पाणी दिसतं म्हणून तिनं हाच ब्लॉक घ्यायचा हट्ट धरला होता. ती मुंबईला एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचं काम करायची. पहाटे निघून एसटीनं जायची आणि अंधार पडता पडता परतायची. उरायचा तो रविवार. आणि रविवारी सकाळी आठला खिडकीखाली ठोकाठोक सुरू व्हायची.

तिसऱ्या रविवारी ती चप्पल घालून खाली उतरली. भिंतीमुळे तिला सगळ्या आळीला वळसा घालून यावं लागलं. काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवून ठेवलं होतं. मांडवात पाऊल टाकलं आणि समोर होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आली, तिच्या डोक्याच्या वर गेलेली, चोचीसारखी निमुळती. खाली बसून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ फळ्यांच्या फटीत पटाशीच्या मागच्या बाजूनं कापूस ठोकत होते. अरुंधती बराच वेळ नुसती बघत राहिली.

"याचा नकाशा कुठेय?" तिनं शेवटी विचारलं. आपण हे विचारायला आलो नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं.

मिस्त्रींनी खुंटीवरून खाचा पाडलेली एक काठी काढली आणि गाठी मारलेली एक दोरी. "हा," ते म्हणाले. "वडलांचा."

अरुंधतीनं काठीवरच्या खाचा बोटानं चाचपल्या. वर्षानुवर्षं ती टी-स्क्वेअर आणि शाईचं पेन घेऊन रेघा मारत आली होती. होडीच्या दोन्ही बाजू तिनं डोळ्यांनी मापल्या. कुठे केसाचाही फरक दिसेना.

"ही बाहेर कशी काढणार?" तिनं विचारलं.

मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं. रागानं नाही, जसं घडलं तसं. पंधरा फुटांची वाट, गुरुदत्तचं बोट, सही, भिंत.

घरी येऊन अरुंधतीनं ब्लॉकच्या करारनाम्याची फाइल काढली. सगळ्यांत मागे मंजूर नकाशाची झेरॉक्स होती. घेताना तिनं त्यात फक्त आपल्या खोल्यांची मापं तपासली होती. आता तिनं बाहेरची हद्द बघितली. इमारतीच्या पूर्वेला दोन तुटक रेघा मांडवापासून नदीपर्यंत गेल्या होत्या आणि मध्ये बारीक अक्षरांत लिहिलं होतं : वहिवाटीचा रस्ता, रुंदी १५ फूट, कायम खुला ठेवणे. खाली गुरुदत्तची सही होती. त्याच पट्ट्यात आता हिरवळ होती, आणि हिरवळीवर वल्लरीचा झोपाळा.

तिनं कुमारला नकाशा दाखवला. त्यानं पाहिला आणि परत केला. "आपण आत्ताच आलोय इथे," तो म्हणाला. "गुरुदत्तकडून अजून पाण्याचं कनेक्शन नीट व्हायचंय. सोसायटी व्हायचीय. कशाला आपण मध्ये पडायचं?"

अरुंधतीनं फाइल कपाटात ठेवली. तीन आठवडे ती तिथेच राहिली. रविवारी ठोकाठोक ऐकू यायची, वल्लरी झोपाळ्यावर बसायची, आणि अरुंधती खिडकीशी उभी राहायची नाही. दुसऱ्याच्या जागेवर आपली मुलगी झोके घेतेय आणि ते फक्त आपल्यालाच माहीत आहे, हे तिला सहन होईना.

जुलैत ब्लॉकवाल्यांची बैठक झाली, तेव्हा ती नकाशा घेऊन गेली. एका निवृत्त अधिकाऱ्यांना सगळ्यांनी चेअरमन नेमलं होतं. त्यांनी चष्मा लावून नकाशा पाहिला.

"मॅडम, तुमच्याच खिडकीखालून मासळीच्या होड्या जातील," ते म्हणाले. "वास येईल. उद्या कोळीवाडा रोज ये-जा करेल. चालेल तुम्हाला?"

"मला चालेल की नाही, हा प्रश्नच नाही," अरुंधती म्हणाली. "वाट त्यांची आहे. आपल्याला विकताना त्यांची वाट आपल्या बागेत घातली गेली. फसवणूक आपलीही झालीय."

"गुरुदत्त म्हणतात नकाशा बदलणार आहेत."

"बदललेला नकाशा दाखवा. मी गप्प बसते."

कुणी काही दाखवलं नाही. विषय पाण्याच्या टाकीवर गेला. दुसऱ्या दिवशी अरुंधतीनं नकाशाच्या पाच झेरॉक्स काढल्या आणि चार मिस्त्रींना नेऊन दिल्या.

मिस्त्रींनी त्यांतला एक कागद दुमडून छातीच्या खिशात ठेवला. गंगाबाईला निरोप धाडला. ती आली, तिघं होडीच्या सावलीत बसली.

"रातोरात पाडून टाकू भीत," गंगाबाई म्हणाली. "माझे पोर पहारी घेऊन येतील."

"रातोरात नाय," मिस्त्री म्हणाले. "चोराची वाट नाय ती. दिवसाढवळ्या काढू. आणि पाडायची नाय, उतरवायची. त्यांचे ठोकळे त्यांना मोजून देता आले पायजेत."

अरुंधतीनं त्यांच्या सांगण्यावरून गुरुदत्तला चार ओळींचं पत्र लिहिलं. अठ्ठावीस ऑगस्ट, बुधवार, पौर्णिमा, दुपारी साडेबाराच्या भरतीला होडी नकाशातल्या रस्त्यानं नदीत जाईल. त्याआधी आठवडाभर भिंत उतरवण्यात येईल. मिस्त्रींनी खाली उर्दूत सही केली, गंगाबाईनं अंगठा उठवला. अरुंधती क्षणभर थांबली. मग साक्षीदार म्हणून तिनंही सही केली.

त्याच्या आदल्या बुधवारी सकाळी नऊला मिस्त्री शिडी लावून भिंतीवर चढले आणि पहिला ठोकळा त्यांनी पटाशीनं सैल केला. खाली गंगाबाईचे मुलगे ठोकळे घेऊन ओळीनं रचत होते. चौथा थर निघत असताना गुरुदत्त हवालदाराला घेऊन आला.

"बघा," तो म्हणाला. "माझ्या प्रॉपर्टीची मोडतोड."

हवालदारानं मिस्त्रींना खाली उतरायला सांगितलं. ते उतरले. छातीच्या खिशातला कागद त्यांनी पुढे केला. हवालदारानं तो उलटसुलट करून पाहिला. तोवर अरुंधती आली. त्या दिवशी ती कामावर गेली नव्हती. नकाशा कसा वाचायचा ते तिनं हवालदाराला दाखवलं : ही बिल्डिंग, ही नदी, आपण आत्ता उभे आहोत ते इथे.

हवालदार बारीक अक्षरं मोठ्यानं वाचत गेला. कागदाच्या तळाशी येऊन थांबला आणि त्यानं गुरुदत्तकडे पाहिलं. "साहेब, ही सही तर तुमचीच आहे."

"ते जुनं आहे."

"मग नवं घेऊन या. तोवर मारामारी करू नका कुणी." आणि मिस्त्रींकडे वळून, "चाचा, सांभाळून चढा."

पाच दिवसांत भिंत उतरली. ठोकळे बाजूला एकावर एक, अगदी दोरीत रचले गेले. हिरवळीचे तुकडे अरुंधतीनं स्वतः उचलून कडेला लावले. झोपाळा तिनं वाटेबाहेर, जिन्याजवळ हलवला. वल्लरी रुसली. अरुंधतीनं तिला होडी दाखवायला नेलं, तेव्हा कुठे तिचा रुसवा गेला. इमारतीतल्या बायका मात्र जिन्यात अरुंधतीला पाहून बोलणं थांबवू लागल्या.

एक अडचण उरली होती. भरावाची कड नदीकडे एकदम पाच फूट खाली तुटत होती. तिथून होडी ढकलली तर नाळ आपटून फुटणार. मिस्त्रींनी ठरवलं, भिंतीचे ठोकळे तेवढ्यापुरते रचून उतार करायचा. पण ठोकळ्यांच्या मधल्या पोकळ्या भरायला माती हवी होती, आणि ती कुठून आणायची याचा घोर त्यांना मंगळवारपर्यंत लागून राहिला.

मंगळवारी संध्याकाळी दोन डंपर आले आणि वाटेच्या ऐन मध्यावर मुरमाचा ढीग ओतून गेले. पौर्णिमेच्या बुधवारी सकाळी पाहिलं तर ढीग माणसाच्या उंचीचा होता. त्याच्या पलीकडे, वाटेवर आडवी, चेअरमनसाहेबांची मारुती उभी होती.

मिस्त्री ढिगासमोर उभे राहिले. घड्याळात सात वाजले होते. साडेपाच तास. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातांचा काही उपयोग नाही असं वाटलं. ते तिथल्या एका ठोकळ्यावर बसले.

गंगाबाई कोळणींना घेऊन आली तेव्हा ते तसेच बसलेले होते. तीसएक बायका होत्या, सगळ्यांच्या हातांत मासळीच्या पाट्या. गंगाबाईनं ढिगाभोवती एक चक्कर मारली, मुठीत मुरूम घेऊन चुरून पाहिला.

"वहाबभाई," ती म्हणाली, "उताराला माती पायजे होती ना तुमाला?"

मिस्त्रींनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. मग दाढीवरून हात फिरवत हसायला लागले. बायकाही हसल्या. ढिगापासून नदीच्या कडेपर्यंत दोन रांगा लागल्या. पाट्या भरून खाली जाऊ लागल्या, रिकाम्या वर येऊ लागल्या. मुलगे ठोकळे रचत होते, बायका वर मुरूम ओतून पायांनी तुडवत होत्या. दहाच्या सुमाराला सुरैय्या मोठ्या पातेल्यात कोकमाचं सरबत घेऊन आली, गुडघे दुखत असतानाही दोन वेळा. साडेअकराला वाट साफ होती आणि नदीकडे जाणारा उतार तयार होता, मिस्त्रींच्या जुन्या उतारापेक्षाही थोडा चांगला.

मारुती तेवढी राहिली. अरुंधती चौथ्या मजल्यावर चेअरमनकडे किल्ली मागायला गेली. त्यांनी दार उघडलं नाही. खाली येऊन तिनं तसं सांगितलं. गंगाबाईच्या थोरल्यानं गाडीला एक चक्कर मारली, माणसांना खूण केली. सोळा जणांनी वाकून गाडी उचलली, दहा पावलं नेली आणि जिन्याजवळ सावलीत, एक ओरखडाही न उठवता, अलगद ठेवली. इमारतीच्या गॅलऱ्यांतून आता सगळी माणसं बघत होती. सहाव्या मजल्यावरून कुणीतरी टाळी वाजवली, ती लगेच थांबली.

ओंडके अंथरले गेले. होडीला दोर लागले. चाळीस माणसं लागायची, त्या दिवशी साठ होती. होडी मांडवातून बाहेर आली, भिंत होती त्या जागेवरून पुढे सरकली आणि वाटेच्या मध्यावर आली. तिथे गुरुदत्त येऊन उभा राहिला. एकटाच. त्याचा शर्ट घामानं भिजला होता.

"मी कोर्टात जाईन," तो म्हणाला. "एकेकाला नोटीस काढीन."

दोर ओढणारे थांबले. गंगाबाई पुढे झाली.

"काढा," ती म्हणाली. "आमी कोळीवाड्यान हाव, कुठं जात नाय. गंगाबाय इचारा, कोनीपन घर दाखवील. पन आता बाजूला व्हा. साडेबाराला भरती हाय, ती नोटिशीसाठी थांबनार नाय."

गुरुदत्तनं मिस्त्रींकडे पाहिलं. "चाचा, तुम्ही सुद्धा. मी लहानपणी इथे यायचो."

"यायचास," मिस्त्री म्हणाले. "दोराला हात लावायला मागायचास. लाव आज."

 गुरुदत्तनं दोराला हात लावला नाही, पण तो बाजूला झाला.

उताराच्या तोंडाशी होडी वळवताना डावीकडचा एक ओंडका फुटला. होडी कलली आणि दोर माणसांच्या हातांतून सरसरत सुटू लागला. "पाचर," मिस्त्री ओरडले आणि स्वतःच पाचर घेऊन होडीखाली शिरले. बासष्ट वर्षांचा माणूस पोटावर पडून अठ्ठावीस फुटांच्या लाकडाखाली गेला, आणि वर साठ माणसं दोर धरून उभी राहिली. दोन घाव ऐकू आले. तिसरा ऐकू आला. होडी करकरली आणि सरळ झाली. मिस्त्री मागच्या बाजूनं बाहेर आले, तेव्हा त्यांचं कोपर सोललं होतं आणि दाढी मुरमानं तांबडी झाली होती. सुरैय्यानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. 

पाणी ठोकळ्यांच्या तिसऱ्या थरापर्यंत चढलं होतं. होडी उतरली, नाळ पाण्यात बुडली, वर आली, आणि मग सगळीच होडी हलकी होऊन तरंगू लागली. गंगाबाईनं नारळ सोडला. तुळशीरामला खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्यानं धापा टाकत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं की होडी त्याच्या बापाच्या होडीसारखीच बसलीय पाण्यात. मिस्त्री कडेला उभे राहून बघत राहिले.  मग त्यांनी ठोकळ्यावर बसून एका दमात दोन पेले सरबत प्यायलं.

नोटिसा आल्या. गंगाबाईला, मिस्त्रींना आणि अरुंधतीलाही. तारखा पडत गेल्या. अरुंधतीला इमारतीत हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. कुमार काही दिवस तिच्याशी तुटक वागला. पण पुढच्या तारखेला रजा काढून तो तिच्याबरोबर कोर्टात आला, फाइल धरून बाकावर बसला आणि संध्याकाळी परतताना म्हणाला, "नकाशा तू म्हणतेस तसाच आहे." आळीतल्या तीन घरांनी पुढच्या वर्षी जागा विकल्या. नदीच्या पलीकडच्या काठावरही भराव पडायला लागला. मिस्त्रींच्या मांडवात मात्र नव्या होडीचं लाकूड येऊन पडलं. उरणच्या एका माणसानं तिची ऑर्डर दिली होती.

होडी गेली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर इमारतीच्या कमिटीनं ठोकळे उचलून भिंत पुन्हा घातली. मिस्त्रींनी चार दिवसांत, दिवसाढवळ्या, ती उतरवली आणि ठोकळे रचून ठेवले. फेब्रुवारीत ती परत झाली. परत उतरली. गंगाबाईचे मुलगे आता मिस्त्रींपेक्षाही भराभर थर काढायला शिकले होते.

मे महिन्यात तिसऱ्यांदा कमिटीनं गवंडी धाडला. तो काम सुरू करायच्या आधी आळीला वळसा घालून मिस्त्रींच्या मांडवात आला. थापी हातात घेऊन थोडा वेळ घुटमळला.

"चाचा, एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही ही काढणारच असाल, तर सिमेंट जरा कमी घालू का? तुमचे कष्ट वाचतील."

मिस्त्रींनी वाकस खाली ठेवला नाही. "कमी का घालतोस?" ते म्हणाले. "तुझ्या हाताचं काम आहे, नीट कर. मी माझं करीन."